नंदिवर्धन व वत्सगुल्म : दोन राजधान्यांचें परस्परमौन आणि ताम्रपटांची साक्ष

(१)

कोंढा हें भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील गांव. येथून जवळ वैनगंगेच्या कांठीं पवनी हें फार जुनें नगर आहे व त्याच्या मातीच्या तटाचे आणि खंदकाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. इ. स. १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून तेथें उत्खनन केलें आणि जगन्नाथ टेकडी व सुलेमान टेकडी या ठिकाणीं बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडे केले. भार कुळांतील भगदत्त राजाचा शिलालेखही याच नगरींतला. तटबंदी, नदी, स्वतःचा राजा व स्वतःचें पूजास्थान ही सामग्री एकत्र पाहिली म्हणजे ग्रीस देशांतील प्राचीन नगरराज्यांची आठवण होणें साहजिक आहे. आणि ती झाली म्हणजे अथेन्स व स्पार्टा यांच्या स्पर्धेची कथाही मनांत येते. आमच्या विदर्भांत अशीं एकमेकांशीं चढाओढ करणारीं दोन राज्यें शेजारीं शेजारीं नांदलीं काय, आणि नांदलीं असल्यास त्यांचा इतिहास कोणत्या साधनांनीं जुळवावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशीं दोन राज्यें होतीं. इसवी सनाच्या चौथ्या व पांचव्या शतकांत वाकाटक घराण्याच्या दोन शाखा विदर्भांत राज्य करीत होत्या. एकीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचें नगरधन. दुसरीची वत्सगुल्म, म्हणजे हल्लींचें वाशीम. पहिलीस ज्येष्ठ व दुसरीस कनिष्ठ शाखा म्हणण्याचा प्रघात आहे. आमचा कोंढा-पवनीचा मुलूख पहिलीच्या बाजूचा.

येथें एक गोष्ट आरंभींच सांगून ठेवणें अवश्य आहे. नंदिवर्धन व वत्सगुल्म हीं ग्रीकांच्या अर्थानें नगरराज्यें नव्हतीं. अथेन्समध्यें नागरिकांची सभा युद्ध व तह ठरवीत असे. आमच्या या राजधान्यांत राजाची आज्ञा चाले. तेव्हां राज्यघटनेच्या दृष्टीनें ही तुलना टिकणार नाहीं. ती टिकते ती निराळ्या बाबतींत. एका वंशाचे, एका धर्माचे, एका भाषेचे दोन शेजारी परस्परांचे प्रतिस्पर्धी झाले म्हणजे ते एकमेकांविषयीं काय लिहितात व काय लिहीत नाहींत, आणि मागून येणाऱ्या संशोधकानें त्यावरून सत्य कसें काढावें, या बाबतींत ग्रीसचें उदाहरण आम्हांस फार उपयोगी पडतें.

(२)

अथेन्स व स्पार्टा यांचें मोठें युद्ध इ. स. पू. ४३१ पासून ४०४ पर्यंत चाललें. त्याचा इतिहास थ्युसिडिडीस या अथेन्सच्या सेनानीनें लिहिला. इ. स. पू. ४२४ मध्यें अँफिपोलिस हें शहर त्याच्या हातून वांचलें नाहीं म्हणून त्यास देशत्याग करावा लागला. या हद्दपारीमुळेंच आपणांस दोन्ही पक्षांची हकीकत जवळून पाहावयास मिळाली, असें तो स्वतः सांगतो. स्पार्टाच्या लोकांनीं आपल्याविषयीं फारच थोडें लिहून ठेवलें; त्यांच्याविषयीं आज जें माहीत आहे तें बहुतेक परक्यांच्या लेखणींतून आलेलें आहे. अथेन्सनें मात्र तहनामे, कराच्या याद्या व सभेचे ठराव दगडांवर कोरून उभे केले. थ्युसिडिडीसानें आपल्या ग्रंथांत उतरून घेतलेल्या एका तहाच्या शिळेचा तुकडा पुढें अथेन्स येथेंच सांपडला, व ग्रंथांतील पाठ आणि शिळेवरील पाठ ताडून पाहण्याची संधि विद्वानांस मिळाली.

याच ग्रंथकाराचा एक विचार प्रत्येक वस्तुसंग्राहकानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तो म्हणतो, स्पार्टा उद्यां ओसाड पडली व देवळें आणि घरांचे पाये तेवढे उरले, तर तिचें सामर्थ्य एवढें मोठें होतें यावर पुढच्या पिढ्या विश्वास ठेवणार नाहींत. आणि अथेन्सची तीच गत झाली तर अवशेष पाहून लोक तिचें सामर्थ्य होतें त्याच्या दुप्पट मानतील. तात्पर्य, अवशेषांची संख्या व राज्याचें बळ हीं एक नव्हेत. आमच्या दोन राजधान्यांस हा विचार तंतोतंत लागू पडतो, हें पुढें दिसून येईल.

(३)

विदर्भाचे दोन भाग होण्याची कल्पना आमच्या वाङ्मयासही नवी नाहीं. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकांत शुंग राजा अग्निमित्र हा विदर्भाचें राज्य यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांत वांटून देतो, आणि दोघांची सीमा म्हणून वरदा, म्हणजे वर्धा नदी ठरवितो. नाटकांतील कथा इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांतील आहे. परंतु कालिदासास चवथ्या-पांचव्या शतकांत ठेवणारांचें मत मान्य केलें, तर त्याच्या डोळ्यांसमोर विदर्भांत खरोखरच दोन राजधान्या नांदत होत्या. कवीनें समकालीन स्थिति मागच्या काळावर आरोपिली असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच, कीं ही वांटणी ऐकून त्याच्या प्रेक्षकांस नवल वाटण्याचें कारण नव्हतें.

अशा स्थितीस द्वैराज्य हा शास्त्रांतील शब्द आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत पूर्वाचार्यांचें मत दिलें आहे, कीं द्वैराज्य हें परस्परद्वेषानें व संघर्षानें नाश पावतें. तो स्वतः या मताशीं पुरता सहमत नाहीं. पिता-पुत्र किंवा दोघे भाऊ यांचा योगक्षेम समान असेल तर असें राज्य चालूं शकतें, असें त्याचें म्हणणें. स्पार्टामध्यें तर दोन राजकुळें एकाच नगरांत एकाच वेळीं राज्य करीत व हा क्रम अनेक शतकें चालला. म्हणजे दोन राजे असणें हाच विनाश नव्हे. दोघांस बांधून ठेवणारें असें कांहीं मध्यें आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय. विदर्भाच्या दोन शाखांमध्यें असें काय होतें, तें त्यांच्याच लेखांवरून पाहूं.

(४)

वाकाटकांचा मूळ पुरुष विंध्यशक्ति. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन यानें चार अश्वमेध केले व सम्राट् ही पदवी धारण केली. त्याच्या मागून ती पदवी या कुळांत कोणीं घेतली नाहीं. पुराणें त्यास प्रवीर म्हणतात, त्याच्या राज्याचीं साठ वर्षें सांगतात व त्याचे चार पुत्र राजे होतील असें नमूद करतात. या चार पुत्रांपैकीं दोघांचीच घराणीं आम्हांस लेखांवरून ठाऊक आहेत. एक पुत्र गौतमीपुत्र. हा बापाच्या हयातींतच वारलेला दिसतो, व त्याचा मुलगा पहिला रुद्रसेन नंदिवर्धनाच्या शाखेचा पहिला राजा झाला. दुसरा पुत्र सर्वसेन. यानें वत्सगुल्माची शाखा स्थापिली.

आतां दोन्ही शाखांच्या वंशावळी शेजारीं मांडून वाचाव्या. नंदिवर्धनाच्या ताम्रपटांत प्रवरसेनानंतर एकदम त्याचा नातू रुद्रसेन येतो. सर्वसेनाचें नांव नाहीं, चुलता म्हणून नाहीं व शेजारी म्हणूनही नाहीं. वत्सगुल्माच्या वाशीम ताम्रपटांत प्रवरसेन, सर्वसेन व विंध्यशक्ति (दुसरा) हा क्रम आहे. गौतमीपुत्र व रुद्रसेन यांचा उच्चार नाहीं. दोघेही आजाचा वारसा सांगतात आणि दोघेही एकमेकांस पुसून टाकतात.

नंदिवर्धनाच्या लेखांत आणखी एक खूण आहे. रुद्रसेनाचें वर्णन करतांना तो भारशिव कुळांतील महाराज भवनाग याचा दौहित्र होता हें ताम्रपट आवर्जून सांगतात, आणि भारशिवांनीं दहा अश्वमेध केले हेंही जोडून देतात. राजवंशावळींत आईच्या बापाचें नांव घालण्याचा हा प्रघात सामान्य नव्हे. ज्याचा बाप सिंहासनावर बसलाच नाहीं व ज्याचा चुलता स्वतंत्र राज्य थाटून बसला, त्या नातवास आजोळचा आधार सांगावा लागला, असें आम्हांस वाटतें. याच रुद्रसेनाचा लेख पवनीच्या दक्षिणेस चंद्रपूर जिल्ह्यांत देवटेक येथें एका जुन्या शिळेवर आहे. म्हणजे त्याचा अंमल या बाजूस होता याबद्दल संशय नको.

(५)

हें परस्परमौन किती बाधक होतें, याचें उदाहरण म्हणजे खुद्द या इतिहासाचाच इतिहास. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखांत वाकाटकांची वंशावळ आहे. पण लेख फार झिजला आहे. एकोणिसाव्या शतकांत भाऊ दाजी लाड व त्यांच्यानंतर ब्यूलर यांनीं त्याचें वाचन केलें. त्या वेळीं हातीं असलेले ताम्रपट नंदिवर्धनाच्या शाखेचे. त्यामुळें झिजलेल्या अक्षरांच्या जागीं त्याच शाखेंतील राजांचीं नांवें वाचलीं गेलीं, दोन घराण्यांचें एकच घराणें झालें, आणि अजिंठ्याचा हरिषेण हा नंदिवर्धनाच्या राजांचा वारस ठरला. प्रतिस्पर्धी शाखा होती हेंच कोणास ठाऊक नव्हतें. मग स्पर्धेचा प्रश्न कोठून निघणार?

इ. स. १९३९ मध्यें वाशीमचा ताम्रपट उजेडांत आला. त्यावर आरंभींच वत्सगुल्म हें स्थळ असून सर्वसेन व विंध्यशक्ति हीं नांवें स्पष्ट आहेत. हा पट हातीं घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हां पाहिला तेव्हां म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांस त्या झिजलेल्या जागीं हींच नांवें आढळलीं. एका ताम्रपटानें एक राज्य परत मिळवून दिलें. मिराशींनीं पुढें १९५७ मध्यें ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा मराठी ग्रंथ व १९६३ मध्यें वाकाटकांच्या लेखांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत दोन्ही शाखा निरनिराळ्या मांडलेल्या आहेत.

वाशीमचा हा पट अथेन्सला सांपडलेल्या तहाच्या तुकड्यासारखाच समजावा. फरक इतकाच, कीं ग्रीकांस ग्रंथ आधीं होता व शिळा मागून मिळाली. आम्हांस ग्रंथकार मिळालाच नाहीं. दोन्ही पक्ष पाहिलेला थ्युसिडिडीस विदर्भांत झाला नाहीं. त्याचें काम दोन शाखांच्या ताम्रपटांस एकमेकांसमोर बसवून आम्हांसच करावें लागतें.

(६)

आतां दोन्ही राज्यांची तुलना करूं.

राजधानी पाहतां नंदिवर्धनाच्या शाखेनें ती अनेकदां हलविली. दुसऱ्या प्रवरसेनानें प्रवरपुर वसविलें. हें वर्धा जिल्ह्यांतील पवनार असें मिराशींचें मत. रामटेकजवळील मनसर येथें १९९७ नंतर झालेल्या उत्खननावरून तेंच प्रवरपुर असें दुसरें मत पुढें आलें आहे. अखेरीच्या काळांत पद्मपुर हेंही या शाखेचें ठाणें झालेलें दिसतें. तें आमगांवजवळचें पदमपूर, पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत व १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत असलेलें. वत्सगुल्माची शाखा मात्र सर्व काळ वत्सगुल्मासच धरून राहिली.

पदवीच्या बाबतींत नंदिवर्धनाचे राजे महाराज म्हणवीत; वत्सगुल्माच्या लेखांत धर्ममहाराज ही पदवी येते. भाषेच्या बाबतींतही भेद आहे. नंदिवर्धनाचे पट संस्कृत आहेत. वाशीम पटाचा वंशावळीचा भाग संस्कृत, पण दानाचा भाग प्राकृत आहे, व दान दिलेलें गांव नांदीकड, म्हणजे नांदेडच्या बाजूचें आहे. गोदावरीच्या खोऱ्याकडे, सातवाहनांच्या जुन्या प्राकृत वळणाकडे या शाखेचें तोंड होतें, असें त्यावरून दिसतें.

सोयरिकींनीं तर हा भेद फारच उघड होतो. नंदिवर्धनाच्या दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पति लवकर वारल्यावर मुलगा दिवाकरसेन लहान म्हणून तिनें निदान तेरा वर्षें राज्य चालविलें. तिच्या ताम्रपटांचा आरंभ वाकाटकांपासून न होतां गुप्तांच्या घटोत्कचापासून होतो, व ती आपलें गोत्र धारण, म्हणजे माहेरचें, सांगते. नगरधन येथें डेक्कन कॉलेज व राज्य पुरातत्त्व विभाग यांनीं २०१५ पासून केलेल्या उत्खननांत तिच्या नांवाची मातीची मुद्राही मिळाली आहे. पुढें नरेंद्रसेनानें कुंतलची राजकन्या अज्झितभट्टारिका केली. उलट वत्सगुल्माच्या विंध्यसेनानें, म्हणजे वाशीम पटांतील विंध्यशक्तीनेंच, कुंतलेश्वराचा पराभव केल्याचें अजिंठ्याचा लेख सांगतो. एक शाखा ज्या दरबारांतून सून आणते, त्याच दरबारावर दुसरी शाखा विजय मिरविते. अथेन्स व स्पार्टा यांनीं जसे आपापले मित्रसंघ उभे केले, तसाच हा प्रकार होय.

वाङ्मयांतही बरोबरी आहे. वत्सगुल्माच्या सर्वसेनानें हरिविजय नांवाचें प्राकृत काव्य लिहिलें. आनंदवर्धनानें त्याची वाखाणणी केली आहे. नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनानें सेतुबंध लिहिलें, तेंही प्राकृतांतच. राजशेखर तर काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्मांत लावतो, आणि वैदर्भी रीतीस वच्छोमी, म्हणजे वत्सगुल्मी, असें नांव देतो. धर्माश्रयाच्या बाबतींत नंदिवर्धनाची कृपा रामगिरीच्या देवस्थानावर. वत्सगुल्माच्या हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें बौद्ध संघासाठीं कोरविलें.

आतां थ्युसिडिडीसाचा इशारा आठवावा. एकट्या दुसऱ्या प्रवरसेनाचे बारांहून अधिक ताम्रपट मिळाले आहेत, आणि वत्सगुल्माच्या सर्व राजांचे मिळून बोटांवर मोजण्याइतके. पटांच्या संख्येवरून न्याय केला तर वत्सगुल्म म्हणजे एक मांडलिक घराणें ठरेल. पण हरिषेणाचा पट खानदेशांत थाळनेर येथें मिळाला आहे. त्याच्या काळच्या अजिंठ्याच्या लेण्यांत कुंतल, अवंति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र यांचीं नांवें त्याच्या पराक्रमाच्या संदर्भांत येतात. उलट केवळ अजिंठ्याकडे पाहिलें तर नंदिवर्धनास आपण विसरून जाऊं. दोन्ही चुका पूर्वीं झालेल्या आहेत.

(७)

सीमेचा प्रश्न या स्पर्धेचा गाभा आहे. नाटकांतील वरदा नदी हीच दोन्ही शाखांची सीमा असावी, असें नकाशाकडे पाहतां सहज वाटतें. वाशीम नदीच्या पश्चिमेस व नगरधन पूर्वेस आहे. परंतु ताम्रपटांची साक्ष निराळी आहे. अचलपूरजवळील चम्मक येथें दुसऱ्या प्रवरसेनाचा अठराव्या वर्षाचा पट मिळाला. त्यांत भोजकट राज्यांतील चर्मांक गांवची ८,००० भूमि १,००० ब्राह्मणांस दिल्याचें आहे. चर्मांक म्हणजेच चम्मक. आणि हें गांव वर्धा नदीच्या पश्चिमेस अमरावती जिल्ह्यांत आहे. तेव्हां नंदिवर्धनाचा अंमल नदी ओलांडून पलीकडे गेला होता.

या दानाला ज्या अटी आहेत त्या मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. या ब्राह्मणांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, चोरी, हत्या व राजास अपाय करूं नये, युद्ध करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. असें वागतील तोंवरच दान चालेल, नाहीं तर जमीन परत घेण्यांत राजास दोष लागणार नाहीं. दानपत्रांत राजानें एवढा सावधपणा कां दाखवावा ? एवढी मोठी वसाहत सरहद्दीच्या प्रांतांत, प्रतिस्पर्ध्याच्या राज्याच्या तोंडाशीं बसवावयाची होती, हें त्याचें कारण असावें असा आमचा तर्क आहे. तर्क चुकीचा ठरला तरी अटी तेथें आहेत, आणि त्या निष्कारण घातल्या जात नाहींत.

यापुढें नंदिवर्धनाचे दिवस फिरले. नल वंशांतील भवदत्तवर्म्याचा ताम्रपट खुद्द नंदिवर्धनाहून दिलेला आहे. म्हणजे राजधानीच शत्रूच्या हातीं गेली होती. हा पट रिद्धपूर येथें मिळाला. महानुभावांच्या या क्षेत्राशीं पोथीसंग्राहकांचा परिचय आहेच. पुढें दुसरा पृथिवीषेण आपल्यास दोनदां बुडालेल्या वंशाचा उद्धारक म्हणवितो. पहिलें बुडणें नलांमुळें, हें वरील पटावरून मानतां येतें. दुसरें कोणामुळें याविषयीं मतभेद असून, तें वत्सगुल्माच्या हरिषेणामुळें असें मत पुष्कळांनीं मांडलें आहे. त्यास एक आधार असा. नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल व माळवा येथील राजे मानीत, असें त्याच्या मुलाचा पट सांगतो. आणि हरिषेणाच्या यादींतही कोसल आहे. एकाच देशावर दोन्ही भाऊबंद हक्क सांगतात. दोघांमधील युद्धाचें सरळ वर्णन मात्र कोणीही करीत नाहीं. शत्रूचें नांव घेऊन विजय मिरवावा, तर तो आपलाच भाऊबंद असल्याचें कबूल करावें लागतें. हेंच या मौनाचें कारण आम्हांस दिसतें.

पांचव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही शाखा संपलेल्या दिसतात. दंडीच्या दशकुमारचरितांत शेवटच्या उच्छ्वासांत विदर्भाच्या एका व्यसनी राजाचा व शेजाऱ्यांच्या कपटानें झालेल्या राज्यनाशाचा वृत्तांत आहे. त्यांत वाकाटकांच्या अंताची छाया मिराशींस दिसली. पुढें इ. स. ५७२-७३ च्या सुमारास स्वामिराज नांवाचा दुसऱ्याच सत्तेखालचा पुरुष नंदिवर्धनाहून दानपट देतांना आढळतो. इ. स. पू. ३३८ मध्यें केरोनियाच्या रणांगणावर मॅसिडोनच्या फिलिपानें ग्रीक नगरराज्यांचें स्वातंत्र्य संपविलें, तेव्हां जुन्या वैरानें त्यांची शक्ति आधींच क्षीण केली होती. पूर्वाचार्यांचें द्वैराज्याविषयींचें मत दोन्ही देशांत खरें ठरलें. समान योगक्षेमाची कौटिल्याची अट दोन्हीकडे पाळली गेली नाहीं.

(८)

आतां संग्राहकांस दोन शब्द.

वरील सर्व विवेचन कशावर उभें आहे, हें पाहिलें म्हणजे एका ताम्रपटाचें मोल कळतें. प्रभावतीगुप्तेचा तेराव्या वर्षाचा पट पुणें येथें एका तांबट कुळांत वडिलोपार्जित वस्तु म्हणून जपलेला होता. त्यांतील दंगुण हें गांव म्हणजे हिंगणघाट असें मिराशींनीं ठरविलें. हिंगणघाटच्या बाजूचा पट पुण्यास कसा गेला हें कोणी सांगूं शकत नाहीं. सुदैवानें त्यांतील गांवांच्या नांवांवरून त्याचें मूळ स्थान ओळखतां आलें. वत्सगुल्माच्या देवसेनाचा एक पट लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहांत आढळला, पण त्याचा एकच पत्रा उरला आहे. ज्या पत्र्यांवर दानाचा पुढील तपशील असावयाचा ते नाहींत. दुर्ग व बालाघाट येथील पट तर लिहितां लिहितांच अपुरे राहिलेले आहेत. अपुरा पट म्हणून ते कोणीं वितळविले असते, तर पद्मपुराचें ठाणें व दोनदां बुडालेला वंश या दोन्ही गोष्टी आम्हांस कधींच कळल्या नसत्या.

म्हणून आमची विनंती अशी. कोणास जुना ताम्रपट मिळाल्यास त्याचे पत्रे एकमेकांपासून वेगळे करूं नयेत. कडी कापूं नये व मुद्रा काढूं नये. चिंचेनें अगर राखेनें घासून चकचकीत करूं नये, कारण अक्षरांच्या खांचा त्यानें झिजतात. तो कोणत्या गांवीं, कोणत्या शेतांत, किती खोल व कशाबरोबर मिळाला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. वाकाटकांच्या पटाच्या आरंभीं बहुधा तो जेथून दिला त्या स्थळाचें नांव असतें. तो पत्रा गेला म्हणजे पट कोणत्या राजधानीचा हें सांगणारी साक्ष दुबळी होते. विकत घेणारांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. स्थान हरवलेला पट वाचतां येतो, पण त्यावरून सीमा आंखतां येत नाहीं. आणि या दोन राज्यांचा सगळा वाद सीमेचाच आहे. पट उजेडांत आणतांना कायद्याप्रमाणें सरकारास कळवावें, हेंही ओघानेंच आलें.

पोथीसंग्राहकांचें कर्तव्य याहून नाजूक आहे. सेतुबंध आज आपणांस वाचावयास मिळतें. त्याचा प्रतिस्पर्धी हरिविजय मात्र संपूर्ण मिळालेला नाहीं. अलंकारशास्त्राच्या ग्रंथकारांनीं दिलेल्या उताऱ्यांवरूनच त्याची ओळख आहे. म्हणजे नंदिवर्धनाच्या राजाचें काव्य टिकलें व वत्सगुल्माच्या राजाचें हरवलें. पंधरा-सोळाशें वर्षांपूर्वींच्या त्या चढाओढींत ही एक बाजू अजून अन्यायानें हरलेली आहे. एखाद्या जैन भांडारांत, एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरील गांठोड्यांत, आद्यन्त नसलेलें व ओळख न पटलेलें प्राकृत काव्य कोणाच्या हातीं लागल्यास त्यानें तें सेतुबंधाचीच दुसरी प्रत समजून बाजूस ठेवूं नये. पारिजातहरणाची कथा त्यांत आहे काय, एवढें अवश्य पाहावें. कारण हरिविजयाचा विषय तोच होता.

अथेन्सच्या हद्दपार सेनानीनें दोन्ही पक्षांची बाजू ऐकली म्हणून ग्रीसचा इतिहास एकांगी झाला नाहीं. आमच्या दोन राजधान्यांनीं एकमेकांची नांवेंसुद्धां घेतलीं नाहींत. तीं नांवें एका ठिकाणीं लिहिण्याचें काम त्यांच्या लेखकांनीं टाळलें, तें आतां आमच्यावर आलें आहे. आणि तें पुरें होणें न होणें हें कोणाच्या तरी शेतांतल्या, कोणाच्या तरी कपाटांतल्या पुढच्या पत्र्यावर अवलंबून आहे.

कोंढा, जि. भंडारा.